आज्ज्याच्या मागावरचा पाऊस : स्नॅपसीड दीड वर्ष वापरून झाल्यावर

आधीच सांगून टाकते, साध्या फोटोतून काहीतरी वेगळं, मनातलं, कल्पनेतलं करायची हौस असेल आणि हातात नुसता मोबाईल असेल तर स्नॅपसीड हे फोटो एडिटिंगचं अॅप घ्या. फुकट आहे, मधे मधे जाहिराती येत नाहीत, फोटोच्या कोपऱ्यात त्यांचा शिक्का उमटत नाही आणि मुख्य म्हणजे फोटो तुमचाच राहतो. हे शेवटचं मला सगळ्यात मोठं वाटतं, आणि का वाटतं ते सांगायलाच एवढं लिहायला बसलेय.

मी बेळगावातल्या वडगावची. घरात हातमाग आहे, म्हणजे चालत नाही आता, नुसता उभा आहे. आज्जा सांगतो की आधी शहापूर, वडगाव, खासबाग सगळीकडं सकाळ झाली की घराघरातून मागाची खटखट सुरू व्हायची, मग पॉवरलूम आले आणि हातमाग एकेक करून मोडले, कुणाचे माळ्यावर गेले कुणाचे सरपणाला. आमचा आज्ज्यानं मोडू दिला नाही. शेवटचा ताणा, म्हणजे मागावर ताणलेले लांब धागे, अजून तसाच अर्धा विणून त्याच्यावर आहे, पांढऱ्या सुताचा, धूळ बसून जरा पिवळट झालेला.

मी दिवसभर उद्यमबागला एका फाउंड्रीत अकाउंट्स बघते, बिलं आणि जीएसटी. फोटोचं वेड कॉलेजपासून. मोठा कॅमेरा नाही, १२ मेगापिक्सेलचा अँड्रॉइड मोबाईल आहे तेवढाच.

स्नॅपसीडच्या आधी मी दुसरं एक अॅप घेतलेलं, नाव सांगत नाही, "एका टॅपमध्ये तुमचा फोटो कलाकृती" अशी जाहिरात सारखी यायची. तीन दिवस फुकट आणि चौथ्या दिवशी खात्यातून पैसे गेले ते वेगळंच, खरं मला राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. आज्ज्याचा मागापाशी बसलेला फोटो त्यात टाकला. पाच सेकंदात चित्र तयार, सोनेरी उजेड, मागं डोंगर, उडणारे पक्षी, बघताना छान. मग झूम केलं. आज्ज्याच्या डाव्या भुवईवर लहानपणी धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन पळणारा लाकडी तुकडा, लागल्याची खूण आहे, ती नाही. समोरचे दोन दात पडलेत, ते आलेले. हातातला धोटा जाऊन बासरीसारखं काहीतरी आलेलं. आईला दाखवलं तर म्हणाली, "कोण गं हे? चांगलं दिसायलेत." सुनेनं सासऱ्याला ओळखलं नाही! त्या दिवशी ते काढून टाकलं.

मग ऑफिसमधल्या एकानं स्नॅपसीड सांगितलं. हे काय नवीन नाही, २०११ साली निक सॉफ्टवेअर नावाच्या कंपनीनं आयपॅडसाठी काढलेलं, २०१२ मध्ये गूगलनं ती कंपनी घेतली आणि त्याच वर्षाच्या शेवटी अँड्रॉइडवर फुकट आलं. म्हणजे मी ज्याला नवीन शोध म्हणत होते ते दहा-बारा वर्षं लोकांच्या मोबाईलात होतं. बहुतेक लोक त्यात काय करतात तर फोटो जरा उजळ करायचा, चेहरा गोरा करायचा, फिल्टर मारायचा, झालं. मीही सुरुवातीला तेच केलं. त्याच टूल्सच्या यादीत खाली "डबल एक्स्पोजर" म्हणून एक आहे, तिथं माझं बोट जायला दोन महिने लागले.

डबल एक्स्पोजर ही रीळच्या कॅमेऱ्यातली जुनी गोष्ट. रीळ पुढं न सरकवता परत क्लिक केलं की एकाच फ्रेमवर दोन फोटो बसायचे, कधी चुकून व्हायचं, कधी मुद्दाम करायचे. स्नॅपसीडमध्ये एक फोटो उघडायचा, डबल एक्स्पोजरमध्ये जाऊन दुसरा आत घ्यायचा, दोन बोटांनी लहान-मोठा करायचा, फिरवायचा, जागेवर बसवायचा. मग दोघं एकमेकांत कसे मिसळायचे त्याचे प्रकार येतात, लायटन, डार्कन, अॅड, सबट्रॅक्ट, ओव्हरले, आणि दुसरा फोटो किती दिसायचा त्याची पट्टी. एवढंच. खरं या लायटन आणि डार्कनमध्येच सगळी जादू आहे आणि ती कुणी नीट सांगत नाही म्हणून मी सांगते.

लायटन म्हणजे काय, प्रत्येक ठिपक्याला अॅप बघतं की दोन फोटोंपैकी इथं जास्त उजळ कोण, आणि तेवढंच ठेवतं. म्हणजे काळं जे आहे ते गायब होतं. तुमची वस्तू उजळ असेल आणि तिच्या मागं काळोख असेल तर तिला कापत बसायला नको, काळोख आपोआप गळून पडतो आणि वस्तू दुसऱ्या फोटोत अलगद उतरते. डार्कन बरोबर उलटं, तिथं पांढरं गायब, काळं शिल्लक. हे एकदा डोक्यात बसलं की तुम्ही फोटो काढतानाच वेगळा विचार करायला लागता, हे मला कुठं बसवायचंय, मग मागं काय पाहिजे, काळं की पांढरं.

काळ्या पडद्यासाठी मी काय काय केलं, काळी ओढणी घेतली, ती चमकते, काळा पुठ्ठा घेतला, त्याच्यावर उजेड पसरून करडा दिसतो. शेवटी आज्जीचं घोंगडं काढलं, लोकरीचं काळं, आणि त्याच्यासारखं दुसरं काय नाही. उजेड नुसता पिऊन टाकतं. खिडकीशेजारच्या खुर्चीवर घोंगडं टाकायचं, त्याच्या पुढं एक हात सोडून वस्तू ठेवायची, फोकस वस्तूवर आणि उजेड जरा कमी करून क्लिक. राहिलेला करडेपणा कर्व्ह्ज नावाच्या टूलमध्ये रेषेचं खालचं टोक थोडं उजवीकडं सरकवलं की जातो. घरात घोंगडं असेल तर बाजारातला काळा पडदा घेऊ नका.

पहिला प्रयोग गोकाकचा. आम्ही पावसाळ्यात धबधब्याला गेलो होतो, घटप्रभा दुथडी भरलेली, ५२ मीटरवरून पाणी कोसळतंय, झुलत्या पुलावर उभं राहिलं की अंगावर तुषार. सगळे काढतात तसाच फोटो मी काढला. घरी येऊन ठरवलं की हा धबधबा देवघरातल्या तांब्यातून पडताना दाखवायचा. केलं. आणि घाण दिसलं. का दिसतंय तेच कळेना, सगळं जागेवर होतं, कडा नीट होत्या. दोन दिवस बघत बसले तेव्हा लक्षात आलं की तांब्यावर उजेड डावीकडून आहे आणि धबधब्यावर उजवीकडून, शिवाय तांब्याचा फोटो मी उभं राहून वरून काढलेला आणि धबधबा समोरून. डोळ्याला कारण कळत नाही, खोटं आहे हे मात्र लगेच कळतं. एकाच्या बाजूनं उजेड, एकाच उंचीवरून नजर, हे दोन जुळलं की मग बाकी कितीही अशक्य दाखवा, बघणारा मान्य करतो.

आणि दुसरी गोष्ट कळली ती जास्त महत्त्वाची. पावसाळ्यात गोकाकचं पाणी पांढरं नसतंच. गढूळ, तांबूस, दुधाळ. मी ते निळसर करायला बघत होते तांब्यात शोभावं म्हणून, रंग थंड-उबदार करणारी व्हाइट बॅलन्सची पट्टी खेचून खेचून, आणि ते काय होत नव्हतं. तेवढ्यात आईनं चहा आणून ठेवला आणि मी कपाकडं बघितलं. तोच रंग! मग तांब्या बाजूला, घोंगड्यासमोर चहाचं पातेलं आणि कपबशी मांडली, काकूला पातेलं तिरकं धरायला लावलं, या वेळी खिडकी उजवीकडं घेऊन आणि मोबाईल कपाच्या उंचीला आणून फोटो काढला. धबधब्याच्या फोटोतले कातळ आधीच काळपट, ते ट्यून इमेजमध्ये अजून गडद केले, लायटनमध्ये मिसळलं, आणि पातेल्याच्या काठावरून गोकाकचा धबधबा कपात पडायला लागला, खाली तुषारांची वाफ झाली. धबधब्याचा रंगसुद्धा बदलावा लागला नाही. फोटोत जे आधीच आहे त्याचं ऐकायचं असतं, मी उगाच माझं लादत होते.

आता मास्किंग, म्हणजे दुसरा फोटो पाहिजे तेवढ्याच जागी ठेवणं, कारण त्याशिवाय वरचं काय जमणार नाही. डबल एक्स्पोजर केल्यावर दुसरा फोटो सगळीकडं पसरतो, नको तिथं पण. तर ते टिक करून बाहेर यायचं, वरच्या थरांसारख्या चिन्हावर दाबून "व्ह्यू एडिट्स" मध्ये जायचं, तिथं तुम्ही केलेली एकेक पायरी यादीत दिसते, डबल एक्स्पोजरवर दाबून मधला ब्रश निवडायचा. तसं केलं की दुसरा फोटो एकदम नाहीसा होतो, घाबरू नका, मी पहिल्यांदा घाबरून सगळं बंद केलेलं. आता बोटानं जिथं जिथं रंगवाल तिथंच तो परत येतो. खाली आकडा असतो, १००, ७५, ५०, २५ आणि ०, म्हणजे कुठं पूर्ण, कुठं अर्धा, कुठं पुसट. चुकलं तर ० करून पुसायचं. ब्रश मोठा-लहान करायचं बटण शोधू नका, फोटो झूम केला की ब्रश आपोआप बारीक पडतो. कडेला २५ नं दोन-तीनदा हात फिरवलेला चांगला, एकदम १०० मारलं की कात्रीनं कापून चिकटवल्यासारखं दिसतं. आणि हे यादीतल्या कुठल्याही पायरीला चालतं, नुसतं आभाळ गडद करायचंय, नुसती साडी उजळायचीय, तरी हेच.

हे बोटानं रंगवणं मला लई आवडतं. वेळ लागतो, एकेका चित्राला दोन-तीन संध्याकाळी जातात, खरं तेवढा वेळ तुम्ही त्या फोटोकडं बघता. आज्ज्याच्या नखात अजून सुताचा रंग आहे हे मला हातांचा फोटो मास्क करतानाच दिसलं, रोज त्या हातातून प्रसाद घेते तरी दिसलं नव्हतं.

तर तो मागाचा फोटो. यासाठीच हे सगळं शिकले असं म्हणायला पाहिजे.

मागाची खोली अंधारी आहे, एकच लहान खिडकी, तिच्यातून उजेड ताण्यावर पडतो. एका रविवारी मी नुसता ताण्याचा फोटो काढला, काळोखात शेकडो पांढरे धागे एका रेषेत. मोबाईलवर बघताना तो आडवा होता, बसमध्ये सहज उभा फिरवला आणि एकदम पाऊस दिसला. सरळ, दाट, आमच्याकडं जूनच्या शेवटी पडतो तसा.

मग पाऊस पडायला जागा पाहिजे. येळ्ळूरच्या रस्त्यावरून राजहंसगडाचा फोटो होता माझ्याकडं, ढगाळ दिवसाचा, अगदी साधा, निम्म्या फोटोत आभाळ म्हणून मी तो टाकाऊ समजून डिलीट करणार होते. वर वीजेच्या तारा होत्या त्या हीलिंगनं काढल्या, आभाळावर तार असेल तर हीलिंग झकास काम करतं, तुकड्या तुकड्यानं बोट फिरवायचं, एका दमात अख्खी तार पुसायला गेलं तर आभाळाला सुरकुत्या पडतात. आभाळ गडद केलं. त्याच्यावर ताण्याचा फोटो उभा करून लायटन. काळोख गळाला, धागे ढगातून खाली आले. मास्क करून गडाच्या कडेपर्यंतच ठेवले, शेताच्या जवळ येतील तसे २५ वर पुसट. आमच्या शिवारात तेव्हा भाताची लावणी झालेली, चिखलाचं पाणी चमकत होतं, तिथं पुसट धागे नेमके उतरले.

तरी काहीतरी कमी वाटत होतं. नुसता पाऊस काय, तो कुणीतरी विणतंय असं दिसायला पाहिजे. मग आज्ज्याला खिडकीत बसवलं, मागं घोंगडं, हातात धागा धरायला लावला. म्हटलं आज्जा, नुसतं धर, तर म्हणतो, "नुसता कसा धरू बाय, ओढ असल्याशिवाय हात बसत नाय." दुसऱ्या टोकाला मी खुर्चीला गाठ मारून धागा ताणला तेव्हा त्याची बोटं आपोआप जागेवर गेली, अंगठा आणि पहिलं बोट, करंगळी जरा वर. असे हात कुठलं अॅप स्वतःहून काढून देणार नाही. ते दोन हात ढगात घेतले, मनगटापाशी २५ नं पुसून ढगात मिसळले. ढगाळ दिवसाचा उजेड मऊ असतो, सावली नसते, म्हणून खिडकीच्या उजेडाशी भांडला नाही. शेवटी रंग. धागे पिवळट, आभाळ निळं-करडं, तीन फोटो तीन घरचे वाटत होते. सगळ्यावर मिळून व्हाइट बॅलन्स जरा थंड केला आणि ग्रेनी फिल्म एकदम हलकं घातलं. हे नक्की करा, तीन फोटोंचा दाणा वेगळा असतो, वरून एकच बारीक दाणा पसरला की ते एका जागचे वाटायला लागतात.

चार संध्याकाळी गेल्या. सगळं मोबाईलवर, आणि नेट बंद ठेवलं तरी चालतं, फोटो बाहेर कुठल्या सर्व्हरवर पाठवावा लागत नाही. मावशीकडं जांबोटीला रेंज नसताना पण मी काम केलंय. मागच्या त्या अॅपात आज्ज्याचा चेहरा कुठं कुठं गेला असेल कुणास ठाऊक.

जे मिळत नाही तेही सांगते. मी वापरते त्यात फोटोशॉपसारखे खरे लेयर, म्हणजे एकावर एक वेगवेगळे ठेवता येणारे थर, नाहीत, एका वेळी दुसरा एकच फोटो घेता येतो, तिसरा पाहिजे तर परत डबल एक्स्पोजर. केस, झाडाची पानं असलं बारीक काम बोटानं अवघड जातं, मी पाच रुपयेवाली टचपेन घेतली तरी. आयफोनवर २०२५ मध्ये याचं रूप बदललंय, त्यामुळं माझ्या सांगण्यातली चिन्हं तुमच्याकडं दुसऱ्या जागी असतील तर जरा शोधा.

लेयर पाहिजेतच तर कॉम्प्युटरवर फोटोपी बघा. इव्हान कुट्स्कीर नावाच्या एकट्या माणसानं २०१३ पासून बनवलेलं, इन्स्टॉल काही करायचं नाही, ब्राउझरमध्ये उघडतं, फोटोशॉपची पीएसडी फाइल पण उघडते, फाइल तुमच्याच कॉम्प्युटरवर राहते. बाजूला जाहिराती दिसतात, फुकट आहे म्हणून चालायचं. ऑफिस सुटल्यावर मी त्यात किल्ल्यातल्या कमलबस्तीचं चित्र केलं. १२०४ सालची जैन बस्ती, म्हणजे मंदिर, ती, छतातून दगडी कमळ उलटं लोंबतंय, खाली झोपून फोटो काढलेला, आणि ते कमळ किल्ला तळ्याच्या पाण्यावर ओव्हरलेनं ठेवलं. ओव्हरलेमध्ये पाण्याच्या लाटांचा उजेड-अंधार दगडात उतरतो, कमळ दगडाचं पण राहतं आणि ओलं पण वाटतं. छान झालं. खरं माझा जीव मोबाईलवर बोटानं करण्यातच आहे.

प्रिंटचं मात्र लक्ष द्या, इथं माझे पैसे गेलेत. मोबाईलचा फोटो ४:३ असतो, ४००० बाय ३००० ठिपके. १२ बाय १८ इंचाचा कागद ३:२. हे दोन जुळत नाहीत, म्हणजे कुठूनतरी कापावंच लागतं, आणि तुम्ही नाही कापलं तर लॅबवाला त्याच्या मनानं कापतो. गावातल्या एका लॅबमध्ये दिलेलं, त्यानं बाजूनं पण कापलं नाही, आज्ज्याची बोटंच उडवली वरून, आणि शिवाय "अंधार लई होता म्हणून उजळ केलं" म्हणाला. काळोखात उभं केलेलं चित्र उजळ केलं की काय राहणार, सगळं राखेसारखं. दुसऱ्यांदा मी आधीच क्रॉपमध्ये ३:२ करून घेतलं, एक्स्पोर्ट जेपीजी १०० टक्क्यावर, आणि लॅबवाल्याला सांगितलं की दादा, ऑटो करेक्शन बंद ठेवून काढा. शिवाय मोबाईलच्या पडद्याला मागून उजेड असतो, कागदाला नसतो, म्हणून कागदावर थोडं गडदच येतं, त्यासाठी मधले टोन मीच हातभर नाही, चिमूटभर उचलले. १८ इंचाला ४००० ठिपके म्हणजे इंचाला २२२, पुस्तकासारखं ३०० नाही, खरं भिंतीवरचं चित्र हाताच्या अंतरावरून कोण बघतंय, चालतं. आणि फाइल व्हॉट्सअॅपवर नुसता फोटो म्हणून पाठवू नका, ती बारीक होते, डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्ह घेऊन जा.

काकांनी प्रिंट बघितली आणि म्हणाले, "हे एडिट केलेलं आहे, खरा फोटो नव्हे." घरात यावर मोठा वाद झाला. मी म्हटलं काका, १८५७ साली, इकडं बंड चाललेलं तेव्हा, तिकडं इंग्लंडात ऑस्कर रायलँडर नावाच्या माणसानं तीसच्या वर निगेटिव्ह जोडून एक चित्र केलं होतं, फोटोशॉप यायच्या सव्वाशेहून जास्त वर्षं आधी. फोटोशॉपच १९९० चं, त्यात लेयर १९९४ ला आले. आणि हे राहू दे, हॉलमध्ये पणजोबांचा फोटो लावलाय तुम्ही, त्यांचा फेटा कुणी लाल केला? तो ब्लॅक अँड व्हाइट फोटो, स्टुडिओवाल्यानं हातानं रंगवलेला. मागची कमान पण पडद्यावरची. काका फोटोकडं बघत राहिले आणि म्हणाले, "फेटा लालच होता त्यांचा." म्हणजे बघा, रंग नंतरचा, खरं फेटा खरा. मला तर काकांचं ते बोलणं पटलं. माझ्या चित्रात पण धागे खरे आहेत, हात खरे आहेत, गड खरा आहे. खोटं काही त्यात मी घातलेलं नाही, फक्त जवळजवळ आणलंय.

ज्यांना सुरुवात करायची त्यांना एक सोपं सांगते, कारण पहिल्याच दिवशी जमलं की गोडी लागते. घरातल्या कुणालातरी उघड्या आभाळासमोर बाजूनं उभं करा, चेहरा काळा आणि मागं आभाळ पांढरं येईल असं, सावलीसारखं. मग त्यात शेताचा, नाहीतर गर्दीचा, नाहीतर जुन्या पत्राचा फोटो लायटननं घ्या. आभाळ आधीच पांढरं म्हणून तिथं काही दिसणार नाही, आणि काळ्या चेहऱ्याच्या आत ते शेत भरेल. मावशीचं केलं मी, कपाळापासून गळ्यापर्यंत भाताचं शिवार, कानाच्या जागी बांधावरचं झाड आलं. दहा मिनिटांचं काम. मावशीनं डीपी ठेवलाय, चार महिने झाले बदलला नाही.

स्नॅपसीडला पाचपैकी साडेचार देते, अर्धा त्या बारीक कडांसाठी कापला.

आज्ज्याला प्रिंट दाखवली तेव्हाचं सांगायचं राहिलं. दुपारची वेळ, मागाच्या खोलीतच बसलेला. चष्मा लावून लई वेळ बघितलं. मला वाटलं छान म्हणेल, नाहीतर हे काय म्हणेल. त्यानं बोट ठेवलं गडाच्या उजव्या अंगाला, पावसाच्या मधोमध, आणि म्हणाला, "हितं तीन धागे तुटल्यात." मी वाकून बघितलं, काही दिसेना. मोबाईल काढून झूम केलं, तर खरंच, ताण्यातले तीन धागे तिथं तुटून लोंबत होते आणि पावसात तेवढीच एक बारीक फट पडलेली. चार संध्याकाळी मी त्याच्यावर बोट फिरवलेलं, मला दिसलं नव्हतं.

म्हटलं आज्जा, हीलिंगनं जोडू काय, दोन मिनिटं लागतील. तो उठला, मागापाशी गेला, ताण्यात हात घालून ती जागा बरोबर शोधली आणि एक टोक चिमटीत धरून म्हणाला, "हितलं आधी जोडूया. मग परत फोटो काढ."

तिन्ही गाठी त्यानंच मारल्या. येत्या रविवारी ताण्याचा नवीन फोटो काढायचाय, सकाळी नऊला खिडकीतनं उजेड बरोबर येतो.